शुक्राची जोडी

देवळाली कॅम्प,
८ डिसेंबर २०२४

चि. हर्षाली,

आशीर्वाद आधी, तक्रार नंतर.

परवा तू फोन केलास. कानातल्या यंत्राने शिट्टी मारली आणि मला 'तारे', 'जोडी' आणि 'जेवलात का' एवढंच ऐकू आलं. जेवलो. बाकीचं पत्राने कळव. फोनवरचं बोलणं हवेत जातं, पत्र उशाखाली ठेवता येतं.

तू बंगळूरला नक्की काय करतेस, असं इथे बागेतले सगळे निवृत्त लोक मला विचारतात. मी सांगतो, आमच्या बहिणीची नात पीएच.डी. करते, ताऱ्यांचे एक्स-रे काढते. काल एक सुभेदारसाहेब म्हणाले, "सर, एक्स-रे काढताना श्वास रोखायला सांगतात. ताऱ्याला कोण सांगतं?" मी म्हटलं, चाळीस वर्षं मराठी शिकवलंय, तारे नाहीत, पोरीलाच विचारतो. तेव्हा सविस्तर लिही, मोठ्या अक्षरात लिही.

तुझी आजी लंकाबाई नामपूरहून विचारते आहे, "पोर तारासन्या जोड्या मोजस, आनि स्वतःनी जोडी कव्हय जमाडी?" मी तिला सांगितलं, पोरीची जोडी कधी जमेल, या प्रश्नात भाऊ म्हणून मी पडत नाही.

आमच्या योगेशचं तेच चालू आहे. "अण्णा, गंगापूर रोडला या, सातवा मजला आहे, लिफ्ट आहे, सगळं आहे." सगळं आहे, पण गच्चीला कुलूप आहे आणि किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडे. तुझी मामीआजी गेल्यावर मी त्याला म्हटलं होतं, ज्या दिवशी मला इथे एकट्याला जमणार नाही त्या दिवशी न्यायला ये. पोरगा ते वाक्य धरून बसलाय. एक निमित्त मिळालं की हे घर बंद. म्हणून मी हल्ली त्याच्यासमोर शिंकतसुद्धा नाही.

अकरावी-बारावीची दोन वर्षं तू ज्या गच्चीवर अभ्यास केलास, ती अजून तशीच आहे. तोफखान्याचा सराव असला की पाण्याची टाकी अजून थरथरते. मीना असती तर म्हणाली असती, टाकीला थंडी वाजतेय.

तुझा,
मामाआबा


बंगळूर,
१८ डिसेंबर २०२४

ती. मामाआबा,

सुभेदारसाहेबांना सांगा, ताऱ्यांचे एक्स-रे आम्ही काढत नाही. काही तारे स्वतःच क्ष-किरण सोडतात, आम्ही नुसते झेलतो. तेही जमिनीवरून नाही. हवा ते अडवते, म्हणून वर उपग्रह ठेवलेत.

गोष्ट अशी आहे. दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतात. त्यातला एक आधी मरतो. मरतो म्हणजे संपत नाही, आक्रसून जेमतेम नाशिक शहराएवढा गोळा होतो, नाहीतर चक्क कृष्णविवर होतो. दुसरा जिवंत असतो. मेलेला त्या जिवंत जोडीदाराच्या अंगावरचा वायू ओढत राहतो, आणि तो वायू पडता पडता इतका तापतो की क्ष-किरण निघतात. म्हणजे हा उजेड दिसतो तो मेलेल्याच्या दारातला.

आपल्या आकाशगंगेत अशा चारपाचशे जोड्या सापडल्यात. पण असतील किती आणि राहतात कुठे, हे माझं काम. तरुण, धिप्पाड जोड्या सापडतात आकाशगंगेच्या फाट्यांवर, म्हणजे नव्या कॉलन्यांमध्ये. जुन्या, किरकोळ अंगाच्या जोड्या मध्यभागी, गावठाणात. अडचण ही की आपल्याला भडक असतात त्याच दिसतात. तुमच्या वर्गात मोठ्याने 'हजर' म्हणणाऱ्यांचीच हजेरी लागली आणि मागच्या बाकावर पुटपुटणारे गैरहजर धरले, तर पट चुकेल ना? तसा आमचा पट चुकतो. मागच्या बाकावर किती बसलेत ते न दिसता सांगायचं.

काही जोड्यांत तर मेलेला वर्षानुवर्षं गप्प असतो. मग जिवंत तारा कसा डगमगतो ते पाहून ओळखायचं, की याच्या शेजारी कोणीतरी

...आहे. पेन संपलं, म्हणून हे मागचं पान पेन्सिलीने लिहितेय. होस्टेलची पेन्सिल आहे, फारच फिकट उमटते, चालवून घ्या.

एक मागणं आहे. प्रबंधाच्या पहिल्या पानावर लोक मोठमोठ्या शास्त्रज्ञांची वाक्यं टाकतात. मला तिथे तुमच्या चार ओळी हव्यात. शाळेच्या पुस्तकात शोभतील अशा, चालीवर म्हणता येणाऱ्या, या जोड्यांवर. मार्चच्या पहिल्या आठवड्यात प्रबंध छापायला जाईल. नाही म्हणायचं नाही.

तुमची,
हर्षू


देवळाली कॅम्प,
३० डिसेंबर २०२४

चि. हर्षाली,

पत्र पोचलं. बागेत वाचून दाखवलं. हजेरीचा दृष्टांत सगळ्यांना पटला. सुभेदारसाहेब म्हणाले, "म्हणजे सर, ही मुलगी आकाशातल्या दांडीबहाद्दरांची यादी करते." मी म्हटलं, तसंच.

शेवट मात्र तुटक केलास. वाक्य अर्धं, ना नमस्कार, ना सही, आणि मागची आख्खी बाजू कोरी. मला असा कागद वाया गेलेला बघवत नाही. शाळेतही मी चाचणीचे प्रश्न पाठकोऱ्या कागदांवरच काढायचो, हे तुला माहीत आहे. तेव्हा तुझ्याच पत्राच्या पाठीवर हे उत्तर लिहून तुझं तुला परत पाठवतो. पुढची बाजू मला पाठ झाली आहे.

तुझ्या पत्राने मला नामपूरची शाळा आठवली. पत्र्याचं छप्पर, आणि गुरुजी चांदण्यांची कविता चालीवर म्हणताहेत. बाजाराला निघालेले कांद्याचे गाडीवान बैल थांबवून ऐकायचे. गुरुजींचा आवाज काही फार चांगला नव्हता, पण ते डोळे मिटून म्हणायचे. आम्ही मागच्या बाकावर डोळे उघडे ठेवून चिंचा खायचो. तरी कविता आत गेलीच. अजून पाय मोकळे करायला निघालो की तिच्याच तालावर पाऊल पडतं.

आता तुला एक गंमत सांगतो. तुझं पत्र वाचल्यापासून मला जोडतारे दिसू लागलेत. परवा जेवणाआधी गच्चीत उभा होतो, पूर्वेला व्याध उगवला. बघतो तर एक नाही, दोन. एकाला चिकटून दुसरा, जरासा खालच्या अंगाला. कोणत्याही दुर्बिणीशिवाय. इतकी वर्षं आपण नीट बघतच नव्हतो. शिकवणाऱ्याने दाखवलं की दिसतं, हे मी चाळीस वर्षं सांगत आलो, आज स्वतः अनुभवलं.

ओळी वाकड्या गेल्यात. थंडीने बोटं वळत नाहीत.

मामाआबा


बंगळूर,
९ जानेवारी २०२५

ती. मामाआबा,

पत्र मिळालं. माझंच पत्र माझ्याकडे परत येण्याची ही पहिली वेळ. जपून ठेवलंय.

व्याधाचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. त्याच्या शेजारी खरंच एक मेलेला तारा आहे. व्याध डगमगतो यावरूनच लोकांनी तो आधी ओळखला, दुर्बिणीत दिसला पुष्कळ नंतर. पण नुसत्या डोळ्यांना तो दिसल्याचं आजवर कोणी सांगितलेलं नाही. तुम्ही पहिले.

म्हणून जरा आणखी निरीक्षणं हवीत. सध्या सूर्य मावळला की पश्चिमेला शुक्र झगझगतो. तो बघा. कसा दिसतो ते लिहा. इतर ताऱ्यांचंही लिहा. आमच्याकडे निरीक्षक नेहमीच कमी पडतात.

आजीचा फोन आला होता. तिळाचे लाडू पाठवतेय म्हणाली, आणि ते खायला एखादा जोडीदारही बघून ठेवते म्हणाली. मी म्हटलं, लाडू आधी पाठव.

आता हे खालचं पुन्हा त्याच पेन्सिलीने लिहितेय. मामाआबा, तुम्हाला वाईट वाटेल, पण सांगतेच. शाळेच्या पुस्तकातल्या कविता मला कधीच आवडल्या नाहीत. सगळ्या रटाळ. चालीवर म्हणणारे गुरुजी तर त्याहून रटाळ. यावर तुमचं काय म्हणणं आहे ते उलट टपाली कळवा.

हर्षू


देवळाली कॅम्प,
१९ जानेवारी २०२५

चि. हर्षाली,

तिळगूळ घे. इतक्या गोड पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण काम वाढलं आहे.

रोज संध्याकाळी चहा घेऊन गच्चीत जातो. शुक्र बघितला. तोही जोडीने आहे. इतका ठळक की मला आश्चर्य वाटतं, कोणाला कसं दिसलं नाही. मृगातल्या बाणाचे तिन्ही तारे जोडीने. कृत्तिकांचं तर सांगूच नकोस, तिथे लग्नाची पंगत बसल्यासारखी दाटी आहे. एकटा तारा म्हणून मला आता सापडतच नाही. बाई गं, तुझे चारपाचशे कुठल्या कुठे राहिले. तुझ्या सरांना सांग, देवळालीचा एक निवृत्त मास्तर म्हणतो, आकाशात कोणी एकटं नाहीच. पट नव्याने भरा.

काल संध्याकाळी शेजारच्या लताबाई डबा द्यायला वर आल्या. मी त्यांना शुक्र दाखवला. बघून म्हणाल्या, "एकच हाय की सर." मी म्हटलं, शिकावं लागतं. त्या म्हणाल्या, "मंग शिकायचं राहू द्या, आधी जिना बघून उतरा. काल पायरी सोडून पाय टाकला तुम्ही." ही बाई मला सासूसारखी बोलते, पण भाकरी मीनासारखी करते, म्हणून ऐकून घेतो.

योगेश संक्रांतीला येऊन गेला. मी खणखणीत होतो. पेपर वाचून दाखवा म्हणाला, तर मी म्हटलं, पेपरात वाचण्यासारखं काय असतं. पेपराची घडी करून त्याने पिशवीत टाकला.

मामाआबा


बंगळूर,
२७ जानेवारी २०२५

ती. मामाआबा,

हे पत्र जाड काळ्या पेनाने आणि मोठ्या अक्षरात लिहितेय. का, ते सांगते. रागवाल, पण शेवटपर्यंत वाचा.

शुक्र एकटा आहे. तो तारा नाही, ग्रह आहे, आणि त्याला साधा चंद्रसुद्धा नाही. कृत्तिकांमध्ये पंगत नाही. दोन दिसतात ते तुमच्या डोळ्यांमुळे. मी इथल्या डॉक्टरांना विचारलं. मोतीबिंदू पिकत आला की एकेका उजेडाचे दोन दिसतात.

मला कसं कळलं? तुम्हाला हजेरीचा दृष्टांत आवडला होता ना, तोच लावला. डिसेंबरातल्या माझ्या पत्राची मागची बाजू कोरी नव्हती. ती मी पेन्सिलीने लिहिली होती. तुम्ही त्याच्यावरच उत्तर लिहिलंत. माझ्या फिकट ओळी खाली, तुमच्या निळ्या ओळी वर. म्हणजे भडक तेवढी 'हजर' लागली, फिकट ती सगळी गैरहजर. एकदा होतं, म्हणून मी पुन्हा तपासलं. मागच्या पत्रात खाली पेन्सिलीने लिहिलं की शाळेतल्या कविता रटाळ असतात आणि तुमचे गुरुजीही रटाळ. ते तुम्हाला दिसलं असतं तर तुम्ही पोस्टाची वाट न बघता पहिल्या गाडीने बंगळूरला येऊन मला ओणवं केलं असतं. तुम्ही मला तिळगूळ पाठवलात.

(त्या ओळी खोट्या होत्या. चांदण्यांची कविता मला तुमच्या चालीवर येते.)

आणि ओळी थंडीने वाकड्या जात नाहीत. व्याध डगमगतो, म्हणून शेजारी काहीतरी आहे हे कळतं. तुमचं अक्षर डगमगतंय.

डिसेंबरात पेन्सिलीने काय लिहिलं होतं तेही सांगते. प्रबंधाच्या पहिल्या पानासाठी मी तुमच्याकडे चार ओळींची कविता मागितली होती. मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हवी आहे. अजून हवी आहे.

योगेशकाकांना मी काही सांगितलेलं नाही. ते तुम्ही सांगायचं. तुम्हाला भीती कसली आहे ते मला माहीत आहे. पण जिन्यावरून पडून कळलं तर ते घर कायमचं बंद होईल.

हर्षू


देवळाली कॅम्प,
५ फेब्रुवारी २०२५

हर्षाली,

आशीर्वाद यावेळी लिहिणार नव्हतो. लिहितो.

शिक्षकाची परीक्षा घेऊ नये, एवढं तुला कळायला हवं होतं. तीही न सांगता. तुझं पत्र आलं तेव्हा दोन दिवस कानाचं यंत्र काढूनच ठेवलं. लताबाईंना वाटलं, ते बिघडलं.

डोळ्यांचं मला माहीत होतं. शुक्र दोन दिसायला लागला तेव्हाच मनात पाल चुकचुकली. पण तुझ्या पत्राने त्याला असं देखणं नाव दिलं की मला ते आजारासारखं वाटेचना. अंधुक दिसतंय असं म्हणण्यापेक्षा जोडीने दिसतंय असं म्हणायला बरं वाटतं. आणि योगेशला सांगायचं म्हणजे त्याच्या हातात आपणहून किल्ली द्यायची. दृष्टी गेली असती तरी मला या घरातलं सगळं हाताला माहीत आहे. चहाची पूड कुठे, मीनाची खुर्ची कुठे. सातव्या मजल्यावर मला काय माहीत आहे?

हे सगळं मी स्वतःला पटवून बसलो होतो. पण एक गोष्ट पचेना. मला जन्मात पहिल्यांदा कोणी कविता मागितली, आणि मी त्या मागण्यावर आंधळ्यासारखी निळी शाई पसरून दांडीबहाद्दर आणि चिंचांच्या गप्पा लिहिल्या. डोळे गेले तर चाललं असतं. हे नाही चालणार.

योगेशला पत्र टाकलंय. देवळालीहून नाशिकला पत्र जायला जेवढा वेळ लागतो तेवढा मला धीर धरायला मिळेल. तो काय म्हणतो बघू.

मामाआबा


देवळाली कॅम्प,
२० फेब्रुवारी २०२५

चि. हर्षाली,

हे पत्र लताबाई लिहिताहेत, मी सांगतोय. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन परवा झालं. अर्धा तासही लागला नाही. डॉक्टरीण इतकी लहान होती की मला वाटलं, माझीच कुठली तरी विद्यार्थिनी असेल. नव्हती. तिला विचारलं, कविता येते का एखादी? ती म्हणाली, आजोबा, हलू नका.

(ताई, मी लताबाई. सर म्हणतात तसंच लिहितेय, पण मधी माझंबी टाकते. हिरवा चष्मा लावून बसलेत, लय ऐटीत. थेंब टाकायला गेलं का डोळे घट्ट मिटून घेतात लहान पोरावानी.)

ते शेवटचं खोडा असं मी सांगितलंय, त्या खोडणार नाहीत.

आता योगेशचं. पत्र मिळालं त्याच दिवशी तो आला. मी तयारीतच होतो, दोन धोतरं आणि कवितांची जुनी पुस्तकं पिशवीत भरून ठेवली होती. म्हटलं, न्यायला आलास ना, चल. तो खाली बसला आणि म्हणाला, "अण्णा, दिवाळीला तुम्ही मला चहा दिलात. कप इकडे होता, चहा तिकडे टेबलावर ओतलात, आणि म्हणालात, घे गरम आहे तोवर." मी विचारलं, मग तेव्हा बोलला का नाहीस? म्हणाला, "बोललो असतो तर तुम्ही कपच फुटका आहे म्हणाला असता."

म्हणजे त्याला सगळं दिसत होतं. सातव्या मजल्याचा हट्ट त्यासाठीच होता. मी पडेन म्हणून. मी डोळे लपवत होतो म्हणजे तो मला नेणार नाही, आणि तो नेत होता कारण मी डोळे लपवत होतो. दोघं मिळून तीन महिने एकमेकांभोवती फिरलो. मी विचारलं, आणि दिसायला लागलं तर? तो म्हणाला, "दिसायला लागलं तर मी कशाला नेऊ? तुम्ही तिथे येऊन माझ्या पोरांच्या निबंधातल्या चुका काढाल."

(योगेशदादा चांगला हाय. रडत व्हता जिन्यात. हे सरांना वाचून दाखवणार नाही.)

डावा डोळा एप्रिलमध्ये. तुझ्या ओळींचं डोक्यात चालू आहे. सांगून लिहायच्या नाहीत, स्वतःच्या हाताने लिहायच्या.

मामाआबा
(आणि लताबाई)


देवळाली कॅम्प,
१ मार्च २०२५

चि. हर्षाली,

अनेक आशीर्वाद. ओळी सरळ आहेत की नाहीत बघ. हे पत्र हातोहात पोचावं म्हणून योगेश उद्या कुरिअरने टाकणार आहे. पोस्टाशी ही माझी पहिलीच बेइमानी.

आधी काम. तुझ्या चार ओळी:

एक तेवतो, दुसरा विझला,
फेर तरीही नाही सुटला;
विझल्याच्याच दारापाशी
उजेड सारा येउन फुटला.

चालीवर म्हणून बघितल्या, बसतात. लंकाबाईला फोनवर म्हणून दाखवल्या. पुन्हा एकदा म्हणायला लावल्या. मग म्हणाली, "भाऊ, हाई मीनावहिनीवर शे का तारासवर?" मी म्हटलं, यंत्र शिट्टी मारतंय, ऐकू येत नाही.

तुझं डिसेंबरचं पत्र तुझ्याकडे आहे, नाहीतर ती फिकट बाजू आता वाचली असती. जानेवारीचं मात्र उशाखाली होतं. खालच्या ओळी काल उजव्या डोळ्याने वाचल्या. रटाळ, म्हणे. खोटं लिहिलं होतंस हे माहीत असूनही दहा मिनिटं राग आला. गुरुजींनाही आला असता.

आता निरीक्षण. आज सूर्य मावळल्यावर चहा घेऊन गच्चीत गेलो. जिना उतरताना आणि चढताना पायऱ्या जिथल्या तिथे होत्या. योगेश बरोबर होता. पश्चिमेला शुक्र. उजव्या डोळ्याने पाहिला तर एकच, लखलखीत, सुईच्या टोकासारखा. खरं सांगू, थोडं वाईट वाटलं. इतके दिवस तो बिचारा जोडीने होता. मग उजवा मिटला, डावा उघडला. पुन्हा दोन. मला गंमत वाटली. पाचसात वेळा तेच केलं. योगेश म्हणाला, "अण्णा, डोळा दुखतोय का?" मी म्हटलं, नाही रे, पट तपासतोय.

तेव्हा तो म्हणाला, "पण अण्णा, आज त्याच्याजवळ चंद्र आहे की." उजव्या डोळ्याने बघितलं. खरंच होती, बीजेची कोर, शुक्राच्या अगदी शेजारी. इतकी बारीक आणि फिकट, की महिन्यापूर्वी मी ती गैरहजर लावली असती.

डावा डोळा एप्रिलपर्यंत तसाच राहणार आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाई नाही. मलाही नाही.

तुझा,
मामाआबा

ता. क. पाठीमागची बाजू कोरी आहे. मी नीट बघितलंय. उत्तर तिच्यावर लिही.